बाबांच्या पायाची जखम चिघळतेय. सकाळपर्यंत थांबू की आत्ताच हलवू?

दिग्रसकर (संध्या. ७.४२)
नमस्कार मंडळी. मी पुण्यात, आई-बाबा गावी, दिग्रस तालुक्यात. बाबा ६४ वर्षांचे, शुगर बरीच जुनी. गोळ्या चालू आहेत, म्हणजे आई हातावर ठेवते तेव्हा.

परवा तुरीच्या वावरात धसकट तळपायात घुसलं. पायात स्लिपर होती, तिच्यातून आरपार. स्वतःच उपटून काढलं, घरी येऊन हळद दाबली, फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी परत वावरात. काल गावातल्या डॉक्टरांकडून धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, मेडिकलवरून कसल्या तरी गोळ्या आणल्या. आज आईने व्हिडिओ कॉलवर पाय दाखवला. पाऊल सुजलंय, कातडी ताणून चकाकतेय, रंग घोट्यापर्यंत काळसर झालाय. दुपारी अंग तापलं होतं. बाबांचं म्हणणं, "मले काही दुखत नाही, उगा तुह्या मायले घाबरवू नको."

आता ते झोपलेत. सकाळी दिग्रसला न्यायचं ठरलंय. सकाळ चालेल ना? झोपेतून उठवलं तर चिडतील, आणि गाडी फक्त चुलत भावाकडे आहे.

धुऱ्यावरचा (७.५१)
भाऊ, धसकटाची जखम आमच्या इकडं दर सालची हाय. कंबरमोडीचा पाला ठेचून बांधा, वरून हळद. तीन दिवसांत माणूस वखर धरते. टीटी झाली म्हनता तं मंग काय भेव नाही.

संत्र्याची बाग (७.५४)
धुऱ्यावरचे भाऊ, शुगरवाल्याला नका हो सांगू असं. संत्र्याचा काटा लागून आमच्या शेजाऱ्याचं बोट गेलं.

सिस्टरताई (७.५८)
दिग्रसकर, मी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. बाकी चर्चा नंतर. आईला फोन लावा आणि एवढं विचारून लगेच इथे लिहा. बाबांना हलवून जागं करायचं, ते नीट बोलतात का? आज काय जेवले, कोणता वार, हे बरोबर सांगतात का? घड्याळ लावून एक मिनिट छाती-पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजा. शेवटची लघवी कधी केली? घरात शुगरचं मशीन आहे का? पायाला वास येतो का? जांघेत हात लावून बघा, गाठ लागते का?

दिग्रसकर (८.११)
विचारलं. उठवल्यावर "गाय सोडली का" म्हणाले. गाय विकून चार वर्षं झाली. आई म्हणते झोपेत आहेत म्हणून. श्वास मिनिटाला २६. लघवी सकाळी केली, नंतर नाही. मशीनवर ३८२ दाखवतंय. वास येतो, आईने काल म्हटलं होतं पण फडक्याचा असेल असं वाटलं. जांघेत सुपारीएवढी गाठ आहे, आई तिला अवधाण म्हणते. आणि घोट्याला काळा दोरा बांधलेला आहे, तो मांसात रुतलाय.

तालुक्याचा डॉक्टर (८.१४)
आत्ता निघा. सकाळ नाही, आत्ता.

१०८ ला फोन करा आणि त्याच वेळी चुलत भावालाही बोलवा. जे आधी दारात येईल त्यात बसवा. काळा दोरा कात्रीने कापून टाका, देवाला काय सांगायचं ते नंतर सांगू. फडकं सोडा, स्वच्छ पाणी ओता, सैल कापड गुंडाळा, पाय उंच ठेवा. पिळायचं नाही, शेकायचं नाही, काही लावायचं नाही. शुगरच्या गोळ्या, मेडिकलवाल्याच्या गोळ्यांची पाकिटं आणि आधारकार्ड पिशवीत घाला. आता जेवण देऊ नका, आज रात्रीच ऑपरेशनची वेळ येऊ शकते.

तालुक्याला दाखवा, पण सर्जन नसेल तर तिथे रात्र काढू नका. सलाईन आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस तिथेच द्यायला सांगा आणि जिल्ह्याला चला. दारातच सांगा: "शुगरचा पेशंट आहे, पायात इन्फेक्शन आहे, बरळतो आहे, लघवी बंद आहे." हे चार शब्द ऐकले की कोणी रांगेत बसवणार नाही.

दिग्रसकर (८.१६)
बाबा नाही म्हणतील.

सिस्टरताई (८.१७)
बरळणाऱ्या माणसाची परवानगी घेत बसू नका. आईला सांगा, "मुलाने सांगितलंय" म्हणायचं. शिव्या तुम्ही खा.

दिग्रसकर (८.३६)
भाऊ गाडी घेऊन आला. १०८ ला अजून वेळ होता, त्यांना कळवून गाडीनेच निघाले. मी इकडून बस बघतो.

धुऱ्यावरचा (८.४०)
पोहोचले की सांगजा भाऊ. मले वाटलं साधं हाय.

अकोलेकर (८.५२)
डॉक्टरसाहेब, वेळ असेल तर सविस्तर लिहा ना. आम्हा सगळ्यांच्या घरी एकतरी असा माणूस आहे. साधी जखम कोणती आणि रात्रीच पळायची कोणती, हे आम्ही कसं ओळखायचं? दर खरचटण्याला तालुक्याला गेलो तर शेती कोण करेल.

तालुक्याचा डॉक्टर (९.२०)
लिहितो. लांबेल, सांभाळून घ्या.

कोणतीही जखम पहिले दोन-तीन दिवस कडेने थोडी लाल, थोडी गरम, थोडी सुजलेली असते. ते बरं होण्याचंच काम चालू असतं. पातळ पिवळसर पाणी येणं म्हणजे पू नव्हे. पण हे सगळं दिवसागणिक कमी व्हायला हवं. कालच्यापेक्षा आज जास्त सुजलं, जास्त पसरलं, जास्त ठणकायला लागलं, तर ती जखम उलट्या दिशेने निघाली आहे असं समजा. जखम केवढी आहे हे बघत बसू नका, ती कुठे चालली ते बघा. धसकटाचं छिद्र हरभऱ्याएवढं असतं आणि आत पाऊलभर पू असतो. बाहेरचं तोंड लवकर मिटतं, घाण आत कोंडते. म्हणून काटा, खिळा, धसकट, बैलाचं शिंग, रानडुकराचा सुळा, यांच्या अरुंद पण खोल जखमा मला विळ्याने कापलेल्या लांबलचक जखमेपेक्षा जास्त भीतीदायक वाटतात.

दिशा ओळखायची सोपी युक्ती म्हणजे बॉलपेन. सूज किंवा रंग जिथे संपतो तिथून पेनने कडेकडेने रेघ ओढा आणि बाजूला वेळ लिहा. दोन-तीन तासांनी बघा. रेघेच्या आत राहिलं तर ठीक. रेघ ओलांडून वर सरकलं तर निघायचं, मग रात्रीचे दोन का वाजेनात. अंगात ताप, हुडहुडी किंवा झापड असेल तर मात्र रेघ ओढून वाट बघत बसायचं नाही, थेट निघायचं.

आता एक गोष्ट जी पुस्तकातल्या चित्रांत दिसत नाही. "लाल होतं" असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण ती चित्रं गोऱ्या कातडीची. उन्हात राबलेल्या आपल्या माणसांच्या पायावर लाली दिसतच नाही. तिथे रंग काळपट, जांभळट, कधी नुसता तपकिरी दिसतो आणि घरचे म्हणतात, "मळ असेल." म्हणून डोळ्यांवर भिस्त नको, हात लावा. उलटा हात आधी चांगल्या पायावर, मग दुखऱ्या पायावर. दुखरा पाय गरम लागतो, कातडी कडक लागते, तिच्यावरच्या बारीक रेषा सुजेने पुसून जाऊन ती चकाकते. बोटाने दाबलं तर खड्डा पडतो. मुलाने वर "चकाकते" लिहिलं, माझं लक्ष तिथेच गेलं.

जखमेपासून वर चढणारी रेघ, पायाला असेल तर जांघेत आणि हाताला असेल तर काखेत गाठ, याचा अर्थ इन्फेक्शन रसवाहिन्यांतून वर निघालं. ताप १००.४ च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर. हुडहुडी भरून ताप, मिनिटाला शंभराच्या वर नाडी, विसाच्या वर श्वास, हातपाय गार, लघवी कमी, माणूस असंबद्ध बोलतो किंवा सारखा पेंगतो, यातलं काहीही दिसलं तर इन्फेक्शन पायापुरतं उरलेलं नाही, ते रक्तात उतरलं आहे. त्याला आम्ही सेप्सिस म्हणतो. तिथे तासांचा हिशेब असतो. रक्तदाब खाली गेला असेल तर पहिल्या तासातच शिरेतून अँटिबायोटिक जायला हवं असं आम्हाला शिकवतात. "सकाळच्या गाडीने" या एका वाक्यात असे बारा तास जातात.

आणि एक प्रकार त्याहून वाईट. वरून जखम किरकोळ, पण दुखणं इतकं की माणूस लोळतो. काही तासांत कातडी जांभळी-काळी, त्यावर काळ्या पाण्याचे फोड, दाबल्यावर खाली पापड मोडल्यासारखं चर्रचर्र लागतं, आणि नंतर तीच जागा बधिर होते. मातीत-शेणात मळलेल्या जखमेत हे होऊ शकतं. यात गोळ्या, मलम, सलाईन एवढ्याने भागत नाही. सडलेला भाग त्याच रात्री कापून काढावा लागतो. असं दिसलं तर वाटेतल्या कुठल्याही दवाखान्यात चहापुरतंही थांबू नका, सरळ सर्जन जिथे आहे तिथे.

अकोलेकर (९.३१)
पण यांचे बाबा तर म्हणत होते दुखतच नाही.

तालुक्याचा डॉक्टर (९.३८)
तीच तर गोम आहे. जुन्या शुगरने पायाच्या नसा मरतात. धसकट घुसलं तरी माणूस दिवसभर काम करतो, त्याला आपण कणखर म्हणतो. शुगरवाला पेशंट "दुखत नाही" म्हणाला की माझी काळजी वाढते. त्याला तापही बेताचाच येतो. म्हाताऱ्यांनाही तसंच, कधी ताप न येता उलट अंग गार पडतं. अशांच्या घरी एक खूण लक्षात ठेवा: काही न बदलता शुगर एकदम ३०० च्या वर गेली, तर अंगात कुठेतरी इन्फेक्शन आहे का ते शोधा. पाय उलटा करून तळवा बघा, बोटांच्या बेचक्या बघा.

झाडीपट्टी (९.४५)
आमच्या गडचिरोली-चंद्रपूर भागात कुष्ठरोग झालेल्यांचे पायही असेच बधिर असतात. वरोऱ्याच्या आनंदवनामुळे हा आजार सगळ्यांना ऐकून माहीत आहे, पण गोळ्या घेऊन आजार बरा झाला तरी गेलेली संवेदना बहुतेकदा परत येत नाही, हे कमी लोकांना माहीत असतं. त्यांना रोज संध्याकाळी पाय धुऊन बघायला शिकवतात आणि एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराची मऊ चप्पल देतात. शुगरवाल्यांनीही तेच करायला पाहिजे खरं तर.

आणखी एक. सिकलसेल (रक्ताचा जन्मजात आजार) असलेल्यांच्या घरी जखम आणि ताप एकत्र आले तर अजिबात थांबू नये. त्यांची पाणथरी, म्हणजे प्लीहा, लहानपणीच निकामी होत जाते, त्यामुळे इन्फेक्शन फार झपाट्याने चढतं. कार्ड सोबत न्या आणि दारातच दाखवा.

पांढरं सोनं (९.५२)
सगळं पटलं, पण खरी गोष्ट कोणी बोलत नाही. लोक जात काहून नाहीत? कारण मोठ्या दवाखान्यात नेलं की पाय कापते, हे गावातल्या प्रत्येकाले माहीत हाय. माह्या काकाचा अंगठा घेऊन गेलो होतो, टोंगळ्याखालून पाय देऊन आलो. त्याआधी एका खासगी दवाखान्यानं आठवडाभर नुसत्या पट्ट्या बदलल्या अन् डिपॉझिट संपल्यावर मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथून बुढे लोक म्हनतात, घरीच मरू पण जाऊ नाही.

तालुक्याचा डॉक्टर (१०.०५)
पांढरं सोनं, तुमचा राग खरा आहे आणि मी त्या दवाखान्याची बाजू घेणार नाही. फक्त क्रम बघा. अंगठ्याचा पू त्याच आठवड्यात चिरा देऊन काढला असता तर बहुधा अंगठाच वाचला असता. उशीर झाला की बोट जातं, अजून उशीर झाला की पाऊल, आणि इन्फेक्शन रक्तात गेल्यावर सर्जनला पाय की जीव एवढीच निवड उरते. गावाला कापलेला पाय दिसतो. लवकर आलेला माणूस चिरा देऊन चार-आठ दिवसांत चालत घरी जातो, त्याची गोष्ट पारावर कोणी सांगत नाही.

पट्टी बदलणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा तुम्हाला हक्क आहे: "कालच्यापेक्षा कमी आहे का?" सलग दोन दिवस उत्तर "नाही" असेल तर कागद मागून घ्या आणि दुसरीकडे जा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या.

धुऱ्यावरचा (१०.१२)
बरं मंग आमची हळद अन् कंबरमोडी पूरी बेकार हाय का? आमच्या आज्यानं जिंदगीभर तेच लावलं.

सिस्टरताई (१०.२०)
भाऊ, विळा घासून वरवर कातडं निघालं तर तुम्ही पाला लावा, मी भांडायला येणार नाही, फक्त आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा. आज्याला शुगर नव्हती आणि मेडिकलवरच्या गोळ्याही नव्हत्या, हेही लक्षात घ्या. खोल जखमेत मात्र हळद दाबली की तोंड बुजतं, पू आत राहतो, आणि आम्हाला कातडीचा रंगच कळत नाही. सगळं पिवळं! चुना, तंबाखू, बिडीची राख, शेण, ट्रॅक्टरचं जळकं ऑइल हे सगळं मी जखमेतून धुऊन काढलेलं आहे. शेणाने तर धनुर्वाताला निमंत्रणच.

आणि टीटीचं. हे मी रोज दहा जणांना सांगते. ते इंजेक्शन (आता टीटीच्या जागी टीडी येतं) फक्त धनुर्वातापासून वाचवतं, टीडीतला डी म्हणजे घटसर्प. पू होणं, सूज चढणं, सेप्सिस, यातलं काहीच ते थांबवत नाही. "सुई झाली, आता भेव नाही" असं म्हणून लोक घरी बसतात. सुई घ्यायचीच, मळलेल्या जखमेला पाच वर्षांत घेतलेली नसेल तर नक्की घ्यायची. आधी कधीच डोस झाले नसतील तर तेही सांगायचं, मग वेगळं तयार प्रतिपिंडाचं इंजेक्शन लागू शकतं. पण जखमेवरची नजर काढायची नाही. जबडा आखडला, गिळता येईना, पाठ ताठ झाली तर तो धनुर्वात, तोही तातडीचाच.

संत्र्याची बाग (१०.२८)
ताई, मेडिकलवाला जे तीन रंगांच्या गोळ्यांचं पुडकं देतो ते काय असतं? एका दिवसात सूज उतरते.

तालुक्याचा डॉक्टर (१०.३५)
बरेचदा एक दुखण्याची, एक अर्धवट अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइड. दुखण्याची गोळी ताप आणि ठणका झाकते. स्टेरॉइड सूज उतरवतं, शुगर चढवतं आणि इन्फेक्शनशी लढणारी शक्ती कमी करतं. वरून बरं दिसतं, आतून पसरत जातं. म्हणून पाकिटं आणायला सांगितली. सुट्या गोळ्यांच्या पुड्या घेऊच नका. पट्टीवर नाव नसलेली गोळी दिली तर मी काय दिलं गेलंय हे ओळखायचं कसं?

झाडीपट्टी (१०.४१)
हत्तीरोगाचं पण सांगा. आमच्याकडे, नागपूर-वर्ध्यापासून गोंदियापर्यंत, जुने हत्तीपाय आहेत. त्यांना वर्षातून अनेकदा पाय लाल होऊन थंडीताप येतो. लोक म्हणतात "हत्तीपायाचा ताप आहे, उतरेल".

सिस्टरताई (१०.५२)
तो ताप बहुतेक वेळा बोटांच्या बेचकीतल्या चिरेतून शिरलेल्या जंतूंचा असतो. रोज साबण-पाण्याने पाय धुऊन, बेचक्या कोरड्या करून, चिरांना मलम लावलं की हे झटके खूप कमी होतात. झटका आलाच तर पाय उंच, गार पाण्याच्या घड्या, आणि दवाखाना. चालायचं नाही, शेकायचं तर मुळीच नाही.

अकोलेकर (१०.५७)
हाताच्या जखमेला पण हेच नियम का? कापूस वेचताना बोंडाचं टोक नखाखाली घुसतं, आमच्या घरच्या बायका कधी सांगतही नाहीत.

तालुक्याचा डॉक्टर (११.०८)
हाताला तर जास्त घाई. बोट सुजून जाड झालं, अर्धवट वाकलेलंच राहतं, सरळ करायला गेलं की जीव जातो, तर पू स्नायूच्या दोरीच्या नळीत शिरलेला असतो. त्याच दिवशी उघडावं लागतं, नाहीतर बोट कायमचं आखडतं. सूज यायच्या आधी अंगठी, बांगड्या काढा, पायाला असेल तर जोडवी आणि पैंजण. नंतर ते कापावे लागतात आणि तोवर खालचं रक्त थांबलेलं असतं.

तसंच डोळ्याभोवती, नाकाजवळ, सांध्यावर, लघवीच्या जागेजवळ सूज चढत असेल, किंवा सिझरच्या टाक्यांतून पू आणि ताप असेल, तर रेघबीघ काही नको.

कुत्रं, मांजर, माकड, रानडुक्कर, अस्वल यांनी चावलं-फाडलं तर जखम चांगली दिसत असली तरी १५ मिनिटं साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी रेबीजची लस. त्या जखमेला कोणाकडून घाईने टाके घालून घेऊ नका. आणि अंधारात वावरात काहीतरी टोचलं, दिसलं नाही, पण तासा-दोन तासांत सूज वर चढायला लागली किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर त्याला काटा समजू नका. घोणस असू शकते. तिथे जखमेचे नियम बाजूला ठेवा, पाय न हलवता लगेच दवाखाना.

दिग्रसकर (दुसऱ्या दिवशी, दु. १.१५)
मी पोहोचलो. काल तालुक्याला सलाईन आणि इंजेक्शन सुरू करून रात्रीच जिल्ह्याला पाठवलं. डॉक्टरसाहेबांनी सांगितलेलं वाक्य भावाने दारात जसंच्या तसं म्हटलं, सरळ आत घेतलं. पहाटे तळपाय उघडला. वाटीभर पू निघाला, आणि आत धसकटाचं पेरभर टोक आणि स्लिपरच्या निळ्या रबराचा तुकडा सापडला. रबराचा तुकडा! बाबांनी काडी उपटली पण हे दोन्ही आतच राहिलं होतं.

अजून आयसीयूत आहेत. रक्तदाब औषधावर आहे, लघवी सुरू झालीय. दुसऱ्या बोटाचा रंग चांगला नाही, उद्या परत साफ करून ठरवतील. पाऊल राहील असं सर्जन म्हणतात, पण लिहून देत नाहीत. सकाळी मला ओळखलं आणि पहिलं वाक्य, "गाडीचं पेट्रोल कोन भरलं?"

पांढरं सोनं (१.२२)
मंग बुढा ठीक हाय!

तालुक्याचा डॉक्टर (२.०५)
बरं वाटलं. अजून दोन-तीन दिवस जपायचे आहेत, पुन्हा एक-दोनदा साफ करावं लागेल, त्याने घाबरू नका, ते अपेक्षितच असतं. चांगल्या पायाचा तळवाही एकदा बघून घ्यायला सांगा. आणि घरी आल्यावर शुगरच्या गोळ्यांचा कारभार फक्त आईवर सोडू नका.

संत्र्याची बाग (२.३०)
मी आज सकाळीच आमच्या म्हातारीचे पाय बघितले. टाचेच्या भेगेत खडा रुतून बसला होता, कधीपासून कोण जाणे. सूज नाही, ताप नाही. खडा काढून साबणाने धुतलं. आता काय?

सिस्टरताई (२.४१)
शुगर आहे का त्यांना?

संत्र्याची बाग (२.४३)
आहे. पाच-सहा वर्षं.

सिस्टरताई (२.५०)
मग आज उपकेंद्रात घेऊन या. मोकळ्या हवेत ठेवू नका, स्वच्छ कोरडी पट्टी लावा. टाचेवर भार देऊन चालायला देऊ नका, चुलीजवळ पाय शेकायला बसू देऊ नका, बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. रोज त्याच वेळी, उजेडात, शक्यतो तुम्हीच बघा. फोनवर फोटो काढून ठेवला तर कालचं-आजचं ताडून बघता येतं.

धुऱ्यावरचा (३.१०)
सिस्टर, एक इचारायचं होतं. पेनाची रेघ घामानं पुसून जाते ना? मार्कर चालते का, पोतं लिवाचा?

सिस्टरताई (३.१४)
चालतो. जखमेपासून लांब, धड कातडीवर ओढा, आणि शेजारी वेळ लिहायला विसरू नका.